ड्रोन पळाला म्हणण्याआधी लॉग उघडा

"काही केलं नाही हो दादा, आपोआपच निघून गेला."

ड्रोन हरवलेला माणूस माझ्याकडे आला की पहिलं वाक्य हेच असतं. मी हसत नाही. तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी एका नवरा-नवरीला, नवरीच्या मामाला आणि रात्री घरी बायकोला ऐकवलंय. झोपायच्या आधी लॉग, म्हणजे उड्डाणाची सेकंदासेकंदाची नोंद, उघडला तेव्हा कळलं, ड्रोन कुठेही पळाला नव्हता. मी सांगितलेलं काम तो बॅटरी संपेपर्यंत इमानदारीत करत होता.

लग्नाचं शूटिंग हा माझा धंदा, ड्रोनची दुरुस्ती जोडीला. त्यामुळे दुसऱ्यांचे लॉग बघायची वेळ वरचेवर येते. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. पण तुमचा ड्रोन दहा मिनिटांपूर्वीच गेला असेल तर आधी एवढंच वाचा.

आत्ताच गेला असेल तर

रिमोट बंद करू नका. अॅप बंद करू नका. सगळे हीच चूक करतात, "रिस्टार्ट करून बघू" म्हणत. सिग्नल तुटलाय, ड्रोन कदाचित अजून हवेत आहे आणि परत यायला वर चढतोय. वर आला की जोडला जाईल, पण तेव्हा रिमोट चालू हवा.

स्क्रीनवर शेवटची जागा, उंची, वेग आणि दिशा दिसत असेल त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मग नकाशावरच्या त्या ठिपक्याकडे धावत सुटू नका. तो ठिपका म्हणजे शेवटचा संपर्क झाला ती जागा, ड्रोन पडला ती नव्हे. दोन शक्यता आहेत आणि दोन्हींमध्ये शोधायची जागा वेगळी. हवेत वीज तुटली किंवा पंखा गेला असेल तर ड्रोन दगडासारखा खाली येतो. साठ मीटरवरून खाली यायला साडेतीन-चार सेकंद लागतात, म्हणजे शेवटच्या दिशेने वीस-तीस मीटरच्या आत तो असणार. पण नुसता सिग्नलच तुटला असेल तर तो त्या ठिपक्यापासून तुमच्यापर्यंतच्या सरळ रेषेवर कुठेही असू शकतो. वाटेत डोंगर असेल तर डोंगराच्या पलीकडच्या अंगावर, झाड असेल तर झाडाच्या शेंड्यात.

ड्रोनचा दिवा लावायचं आणि बीप वाजवायचं बटण बहुतेक अॅपमध्ये असतं. ते बॅटरीत जीव असेपर्यंतच चालतं आणि त्यासाठी रिमोट रेंजमध्ये लागतो. म्हणून रिमोट हातात घेऊन चालत जा, अँटेना धरून. आणि हो, अँटेनाची टोकं ड्रोनकडे रोखायची नसतात. टोकाच्या दिशेने लहर जवळजवळ निघतच नाही. चपटी बाजू ड्रोनकडे हवी. भाल्यासारखा रिमोट रोखून उभे असलेले किती तरी जण मी पाहिलेत, आणि तक्रार काय, तर "रेंजच देत नाही".

लॉगमध्ये काय बघायचं

लॉग मोबाइलमध्ये असतो, ड्रोन सापडला नाही तरी. त्यात मी सगळ्यात आधी स्टिकची, म्हणजे रिमोटवरच्या दांड्यांची, नोंद बघतो: कोणत्या सेकंदाला कोणती स्टिक किती ढकलली. मग उड्डाणाचा मोड, मग जमिनीवरचा वेग, मग बॅटरीच्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज. एवढ्यावर बहुतेक निकाल लागतो.

माझ्याच ड्रोनचा निकाल सांगतो.

नोव्हेंबरची सकाळ, घाटमाथ्यावरचं पठार, प्री-वेडिंग. जोडपं कड्यापासून सुरक्षित अंतरावर उभं, आणि मला दरीतून त्यांच्याकडे येणारा शॉट हवा होता. पावसाळा सरला की आमच्याकडे सकाळचा वारा पूर्वेचा, देशावरून कोकणाकडे. म्हणजे माझ्या पाठीवर. ड्रोन दरीवर असा निघाला की काय सांगू, मला वाटलं आज काय झकास चाललाय. ६४० मीटरवर गेला तेव्हा बॅटरी ३८ टक्के. भरपूर, असं वाटून मी आरटीएच ("रिटर्न टू होम", ड्रोनला आपोआप परत आणणारं बटण) दाबलं आणि जोडप्याला पुढची पोझ सांगायला लागलो.

लॉग म्हणतो: ड्रोन होता तिथून आधी १०० मीटर उंचीवर चढला, कारण परतीची उंची मी कधीकाळी १०० करून ठेवलेली. मध्ये अडथळा काय होता? काहीच नाही, मोकळी दरी. वर वारा आणखी जोराचा. तिथून तो माझ्याकडे निघाला, ताशी चार-पाच किलोमीटरने. सेकंदाला १.३ मीटर. लहान मूल आईचं बोट धरून बाजारातून चालतं तो वेग. पाच-साडेपाच मिनिटं असा झगडला आणि माझ्यापासून सुमारे २१० मीटरवर असताना बॅटरी १० टक्क्यांवर आली. तिथे त्याने आपणहून उतरायला सुरुवात केली. खाली दरी. उंचीचा आकडा शून्याच्या खाली गेला, उणे ४० ला कड्याने सिग्नल कापला आणि लॉग संपला.

त्या साडेपाच मिनिटांत स्टिकच्या रकान्यात काय होतं? शून्य. सलग शून्य. मी हात बांधून वाट बघत होतो.

हिशेब सोपा आहे, पण तो दरीच्या काठावर सुचत नाही. नॉर्मल मोडमध्ये ड्रोन सेकंदाला १० मीटर जाऊ शकतो असं धरा आणि समोरून ७ मीटरचा वारा असेल, तर हातात उरतात ३. वारा नसताना ६०० मीटर एका मिनिटात येतात, इथे सव्वातीन मिनिटांहून जास्त लागतात, तेही पंखे पूर्ण ताकदीने फिरवून. अॅप दाखवतं ती परतीची बॅटरी असा वारा पुरता धरत नाही. मी काय करायला हवं होतं? आरटीएच रद्द, स्पोर्ट मोड चालू, उंची कड्याच्या पातळीच्या थोडी वर येईल इतकी कमी, आणि स्टिक पूर्ण पुढे. माझ्या ड्रोनला स्पोर्टमध्ये १६ मीटर वेग होता. आरामात आला असता. त्याहून सोपं म्हणजे मुळात जाताना वाऱ्यात तोंड घालून जायचं. जाताना दमला की कळतं, वळवता येतो. येताना दमला की उशीर झालेला असतो.

होम म्हणजे नेमकं कुठलं घर

आरटीएच हे बटण फार भोळं आहे. ड्रोनला तुम्ही कुठे आहात ते ठाऊक नसतं, त्याला एक टिपून ठेवलेला बिंदू ठाऊक असतो.

मालवणकडच्या एका मुलाने बोटीवरून ड्रोन उडवला. बोट चालू होती. वीसेक मिनिटांनी आरटीएच दाबलं. ड्रोन बरोबर घरी आला, म्हणजे बोट जिथून निघाली होती तिथे, आणि समुद्रावर अलगद उतरला. त्याने मला व्हिडिओ दाखवला, शेवटच्या फ्रेमपर्यंत अगदी स्थिर. लँडिंग म्हणाल तर दहापैकी दहा. बोटीवरून उडवायचंच असेल तर सेटिंगमधून होम पॉइंट अधूनमधून रिमोटच्या जागेवर आणत राहायचा आणि उतरवताना हातानेच आणायचा.

दुसरा प्रकार घाईचा. वरात निघालीय, नवरदेव घोड्यावर बसलाय, पाहुणे ओरडतायत "ड्रोनवाले, चला चला". जीपीएस पूर्ण लागायच्या आत उडवलं. ड्रोन वर गेला, थोडा लांब गेला, मग उपग्रह सापडले, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये होम पॉइंट तिथे नोंदला जातो, हवेत होता त्या जागी. तिथे खाली काय आहे याची ड्रोनला पर्वा नाही. विहीर असू शकते. म्हणून अॅपमधली बाई "द होम पॉइंट हॅज बीन अपडेटेड" म्हणेपर्यंत जमीन सोडायची नाही, आणि म्हणाली की नकाशावर तो बिंदू खरंच तुमच्या पायाशी आहे का हे बघायचं. मी आता वरातीतल्या मामांना स्पष्ट सांगतो, एक मिनिट थांबा. थांबतात.

परतीच्या उंचीचंही तसंच. ती उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, ड्रोनखालच्या जमिनीपासून नाही. गडाच्या पायथ्याच्या गावातून उडवलं, उंची ४० मीटर ठेवली, ड्रोन सोंडेच्या पलीकडे गेला आणि सिग्नल तुटला, तर तो ४० मीटरवरून सरळ रेषेत तुमच्याकडे येणार आणि मध्ये डोंगर. समोर बघणारे सेन्सर छोट्या स्वस्त मॉडेलना नसतात, त्यांना फक्त खालचं दिसतं. तो पूर्ण विश्वासाने कातळावर आदळतो. म्हणून जागा बदलली की उंची बदलायची: डोंगराआड जायचं तर जास्त, मोकळ्या दरीत वारा असेल तर कमी. एकच आकडा सगळीकडे चालत नाही.

आणि मंगल कार्यालयाचा किस्सा. आत हॉलमध्ये उडवताना सिग्नल तुटला तर ड्रोन छताला धडकू नये म्हणून "सिग्नल तुटल्यास" या सेटिंगला शहाणे लोक "जागीच थांब" निवडतात. बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी तोच ड्रोन धरणाच्या भिंतीपलीकडे जातो, सिग्नल तुटतो, आणि तो जागीच थांबतो. पाण्यावर. बॅटरी संपेपर्यंत. हे मी एकाच हंगामात दोघांचं पाहिलं, दोघेही भरपूर अनुभवी.

गिरक्या घेत गेला असेल तर

लॉगमध्ये स्टिक शून्य आहे, वारा नाही, तरी ड्रोन गोल गोल फिरत लांब गेला, तर कंपास तपासा. बेसिनमधलं पाणी जाळीकडे फिरत जातं, त्याच्या उलटं: प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मोठी. जीपीएस सांगतं "तू उत्तरेला सरकलास", ड्रोन दक्षिणेला यायला जातो, पण त्याची दक्षिण चुकलेली असते. मग तो आणखी बाजूला जातो, पुन्हा सुधारतो, पुन्हा चुकतो. शेवटी वैतागून जीपीएसचा नाद सोडतो आणि नुसती उंची धरून वाऱ्यावर वाहायला लागतो. लोक "पळाला" म्हणतात तो खरा हा प्रकार.

कारण जमिनीवर असतं. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्या, गाडीचं बॉनेट, मांडवाचे लोखंडी पाइप, डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधली चुंबकं. आपल्याकडच्या काळ्या कातळातसुद्धा चुंबकीय खनिजाचे कण असतात, तेव्हा कंपासची तक्रार येत असेल तर कातळ सोडून मातीवर ठेवून बघा. आणि ड्रोनने "कॅलिब्रेट करा", म्हणजे कंपास नव्याने जुळवा, म्हटलं की लगेच तिथेच गच्चीवर गरगर फिरवत बसू नका. लोखंडाशेजारी केलेलं कॅलिब्रेशन म्हणजे चूक पाठ करून घेणं. आधी जागा बदला. मग बहुतेक वेळा कॅलिब्रेशन लागतच नाही.

एक तपासणी मी कधीच चुकवत नाही, पाच सेकंद लागतात. ड्रोन जमिनीवर ठेवायचा, नाक ओळखीच्या खुणेकडे, समजा देवळाच्या कळसाकडे. अॅपच्या नकाशावर ड्रोनचा बाण कळसाकडेच आहे का? बाण भलतीकडे असेल तर हिरवा दिवा असला तरी उडवायचं नाही. कितीही घाई असो.

बॅटरी, आणि जुनी बॅटरी

९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्र सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, संशोधन, संरक्षण अशा मोजक्या कारणांचा अपवाद ठेवून. सुट्या भागांना मोकळीक राहिली. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ असा की बरेच जण जुने, हात फिरलेले ड्रोन वापरतात आणि त्यांच्या बॅटऱ्या त्याहून जुन्या असतात. पोट फुगलेली बॅटरी "अजून चालतेय" म्हणून दाबून बसवलेली मी पाहिलीय. ती नीट बसत नाही, हादऱ्याने सुटू शकते.

टक्क्यांवर विसंबू नका. जोरात वर चढवताना एका सेलचा व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टहून जास्त खाली जात असेल तर ती बॅटरी मी बाद करतो. टक्के तेव्हाही ४५ दाखवत असतात. मग ४५ चे २० व्हायला काही सेकंद पुरतात आणि ड्रोन सक्तीने उतरतो. तो असा उतरत असताना घाबरून स्टिक सोडू नका. बहुतेक मॉडेल आडवं सरकवू देतात, निदान पाण्यावरून काठावर तरी आणा.

बाकीचं झटपट. संक्रांतीच्या आठवड्यात येवल्यासारख्या पतंगवेड्या गावात ड्रोन उडवूच नका, नायलॉन मांजा कॅमेऱ्यात दिसत नाही आणि पंख्यात अडकला की सुटत नाही. पाण्याच्या अगदी जवळून नेताना खालचे सेन्सर लाटांना जमीन समजून गोंधळतात. घार मागे लागली तर खाली पळू नका, सरळ वर चढवा. पंख्याला केसाएवढी भेग असली तरी बदला, आणि सोबत आलेले नवे स्क्रूच वापरा.

मग दोष कुणाचा?

२०१६ साली मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१६ मधल्या दीडशेहून अधिक ड्रोन घटना तपासल्या. ६४ टक्क्यांत कारण तांत्रिक निघालं, त्यातही पायलट आणि ड्रोनमधला संपर्क तुटणं हे मोठं. हा आकडा लोक माझ्या तोंडावर फेकतात: बघा, पायलटची चूक नाही. पण त्या नोंदवलेल्या घटना होत्या, कुठे तरी कागदावर आलेल्या. कारवीच्या रानात पडलेल्या ड्रोनची नोंद कोण करतं? शिवाय "संपर्क तुटला" हे कारण माझ्या लेखी अर्धंच. डोंगराआड ड्रोन नेला कुणी?

यंत्रं निर्दोष नसतात, तेही खरं. गोप्रोने २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये विकलेले सुमारे २,५०० कर्मा ड्रोन परत मागवले, कारण काही हवेतच वीज जाऊन पडत होते. पुढच्याच वर्षी डीजेआय कंपनीच्या स्पार्क ड्रोनबद्दल तशाच तक्रारी आल्या आणि कंपनीने १ सप्टेंबर २०१७ पर्यंत नवं सॉफ्टवेअर न टाकलेल्या स्पार्कचं उड्डाणच बंद ठेवलं. असा दोष लॉगमध्ये ओळखू येतो: सगळं ठीक, उंची ठीक, व्होल्टेज ठीक, आणि पुढची ओळच नाही. माझ्याकडे येणाऱ्या लॉगमध्ये हे क्वचित दिसतं. दिसलं तर मी स्वतः सांगतो, हमीचा दावा करा, लॉग जोडा, भांडा.

दुसऱ्या टोकाला २६ जानेवारी २०१५ ची पहाट. ओबामा दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे, आणि तिकडे व्हाइट हाउसच्या हिरवळीवर एक फँटम ड्रोन येऊन पडला. उडवणारा सरकारी गुप्तचर संस्थेतलाच कर्मचारी, ड्यूटीवर नसलेला, दारू प्यालेला. ड्रोनवरचा ताबा सुटला, आणि महाशय झोपून गेले.

बहुतेक लॉग या दोन टोकांच्या मधले असतात. माणूस प्यालेला नसतो, यंत्र बिघडलेलं नसतं. चूक झालेली असते जमिनीवर, उड्डाणाआधीच्या दोन मिनिटांत: उंची बदलली नाही, बिंदू तपासला नाही, वारा बघितला नाही. हवेत गेल्यावर ड्रोन फक्त ती चूक पार पाडतो. पायलटला दोष देताना कंपन्यांनाही थोडा द्यायला हवा, "एक बटण दाबा, घरी येईल" हे त्यांनीच आपल्या डोक्यात भरवलंय. पण फी मी घेतो, त्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागतं.

माझा ड्रोन तिसऱ्या दिवशी सापडला. शेवटचा ठिपका आणि उतरण्याचा वेग यावरून मी नकाशावर एक पट्टा आखला आणि कड्याखालच्या वाडीतल्या एका काकांना तो दाखवला. त्यांनी पट्ट्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "त्यो व्हय? परवाच बघितलाय, करवंदीच्या जाळीत." मग उचलला का नाही? तर म्हणे, सरकारी असेल, हात कशाला लावा. ड्रोनवर नाव नव्हतं, नंबर नव्हता. कॅमेरा स्थिर धरणारं गिंबल तुटलेलं, मेमरी कार्ड शाबूत. कार्डात दरीतून येणारा शॉट होता आणि त्यापुढे साडेपाच मिनिटं माझा स्वतःचा फार हळू मोठा होत जाणारा ठिपका, हात बांधून उभा.

आता प्रत्येक ड्रोनच्या पोटाला पांढरी चिकटपट्टी लावतो, त्यावर फोन नंबर आणि मराठीत "सापडल्यास फोन करा, बक्षीस मिळेल". बॅटरीवर वेगळी लावा, पडताना ती सुटून दुसरीकडे जाते.